सोलापूरचा सव्वा सूत पत्रा

सोलापूरला जाते म्हटलं की लोक चादर आणायला सांगतात. आमच्या सोसायटीतल्या दोघींनी तर रंगही सांगून ठेवले होते. चार दिवसांनी मी परत आले ती चादरीशिवाय, उजव्या मनगटावर भाजल्याचा एक डाग घेऊन आणि गाडीखाली लोखंडी पत्रा बसवून. हा पत्रा कुणाला दिसत नाही. बघायचा तर जमिनीवर आडवं व्हावं लागतं. तेवढं कुणी करणार नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी गाडीबद्दल सांगायला हवं. माझ्याकडे एक जुनी जीप आहे, चारही चाकांना जोर जाणारी. सोलापूर जिल्ह्यातल्या माळरानांवरचे लांडगे मोजायच्या एका प्रकल्पात मी काम करते. ठरलेल्या रेषेवरून गाडी हळूहळू न्यायची, थांबायचं, दुर्बिणीतून बघायचं, लिहायचं. या कामात कुणाशी बोलावं लागत नाही, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं. मागच्या फेरीत मोहोळच्या पुढं गवतात लपलेला एक दगड गाडीच्या पोटाला लागला. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारं भांडं असतं, त्याला मेकॅनिक लोक चेंबर म्हणतात. ते फुटलं. सगळं तेल मातीत गेलं आणि गाडी ट्रॅक्टरला बांधून गावात आणावी लागली.

प्रकल्पाचे सर रागावले नाहीत, हेच वाईट झालं. ते फोनवर शांतपणे म्हणाले, "पुढच्या फेरीपासून भाड्याची गाडी आणि ड्रायव्हर घेऊ. तू ऑफिसात बसून नोंदी बघ." मी "ओके सर" म्हणाले आणि मग तीन दिवस मनातल्या मनात वाद घालत राहिले. चौथ्या दिवशी इंग्रजीत लांबलचक मेल लिहिली. लिहिताना मी बरी असते. गाडीखाली संरक्षक पत्रा बसवते, तो बघून मग ठरवा, असं त्यात होतं. उत्तर एका ओळीचं आलं. सोमवारी सकाळी माळावर येतो, गाडी बघून ठरवू.

माझ्या मॉडेलसाठी तयार पत्रा मिळत नाही. पुण्यात दोन ठिकाणी विचारलं. एक जण म्हणाला, गाडी सोडून जा, तीन आठवड्यांनी फोन करतो. दुसऱ्यानं विचारलं, "घरी कुणी जेंट्स आहेत का, त्यांच्याशी बोलतो." सोलापुरात फुटलेलं चेंबर बदलून देणारा मेकॅनिक मागच्या वेळी म्हणाला होता, की चिंचोळी एमआयडीसीत ट्रॉल्या बनवणारे आहेत, ते पत्र्याला हवं तसं वळवतात. मग मी पार्किंगमध्ये गाडीखाली उताणी पडून फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, भोकांच्या जागा टोचल्या आणि स्केचपेननं सगळीकडे इंग्रजीत नावं लिहिली. वॉचमननं तीनदा येऊन विचारलं, "ताई, चक्कर आली का?" तो पुठ्ठा गुंडाळून शुक्रवारी निघाले.

शुक्रवार, सात रस्ता

लॉजच्या खोलीत बॅग टाकली तेव्हा चार वाजले होते. दुकानं उद्याच, हे माहीत असूनही मला बसवेना. सात रस्त्याच्या चौकाला दोन फेऱ्या मारल्या. परत येऊन पुठ्ठा उलगडला, मोजला, गुंडाळला. पुन्हा खाली जाऊन गाडीखाली वाकून बघितलं, जणू चेंबर तेवढ्यात कुणी हलवलं असेल.

शेवटी जवळच्या खानावळीत गेले. ताटात आमटी, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आली. आमच्याकडे भाकरी तासाभरापूर्वीची असली तर आई माफी मागितल्यासारखी वाढते. इथं ती मुद्दाम पापडासारखी वाळवतात आणि ताटांसारखी चळत लावून ठेवतात. मी तुकडा मोडला तर शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान वळवली इतका आवाज झाला. मग मी प्रत्येक तुकडा आमटीत बुडवून, मऊ करून खायला लागले. खानावळीच्या बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, भिजवून खायची तर मऊ केली नसती का मी? मोड की कडाकडा. आवाज करतच खायची असती ती."

मी हसले आणि त्या आत जाईपर्यंत थांबले. मग पुन्हा भिजवून खाल्ली.

शनिवार, चिंचोळी

रशीदभाईंची शेड शोधायला वेळ लागला नाही. बाहेर दोन ट्रॉल्या उलट्या पडल्या होत्या, मेलेल्या भुंग्यांसारख्या. रशीदभाई साठीच्या आसपासचे, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. त्यांच्यासोबत काम करतात शिवाप्पा अण्णा, अक्कलकोटकडचे, अंगानं बारीक पण मनगटं माझ्या दंडाएवढी. मी पुठ्ठा पसरला आणि घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "चार एमएमचा पत्रा हवा आहे."

"म्हंजे सव्वा सूत," रशीदभाई म्हणाले. त्यांनी पुठ्ठा उचलून उजेडात धरला. "फर्मा चांगला कापलाय. कुणी, तुमच्या भावानं?"

"मी."

"असं व्हय." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "शिवाप्पा, बघ. इंग्लिश फर्मा हाय."

मी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळले. पुण्यात मेकॅनिककडे मी तेच करते, कडेला बसते आणि फोन बघत असल्याचं दाखवते. रशीदभाईंनी मला थांबवलं.

"हितं बसायचं न्हाय बेटा. माझ्याकडं भोकाची खूण गाडीचा मालकच ठोकतो. हे घ्या."

हातात हातोडी आणि पेन्सिलीएवढा टोकदार पोलादी पंच आला. मी का म्हणून विचारलं.

"उद्या भोक जुळलं न्हाय, तर मालक म्हणतो रशीदनं चुकवलं. सोताच्या हातानं ठोकलं, की भांडण कुणाशी करणार?"

"आरशाशी," अण्णा म्हणाले. ते हसले नाहीत, त्यामुळे मलाही हसता आलं नाही.

पत्रा जमिनीवर होता. त्यावर पुठ्ठा ठेवला, माझी अक्षरं वर करून, कारण अक्षरं वरच ठेवतात माणसं. खडूनं कडा आखल्या. मी गुडघ्यांवर बसून आठ खुणा ठोकल्या. पहिली इतकी हलकी पडली, की अण्णा म्हणाले, "यव्वा, पत्र्याला गुदगुल्या करू नका." कानडी भागात बाईला यव्वा म्हणतात. आठवी खोल पडली. बरं वाटलं. मग अण्णांनी गॅस कटरनं पत्रा कापला आणि तेलाच्या नटासमोर तळहाताएवढी खिडकी काढली. तेल बदलताना पत्रा उतरवायला लागू नये म्हणून ही खिडकी. मशीनवर आठ भोकं पडली. आता राहिलं कडा वाकवणं.

इथं जे झालं ते मला नीट सांगायचं आहे. अण्णांनी पत्रा वाकवायच्या मशीनमध्ये घातला, खुणा वर ठेवून. ट्रॉलीच्या पत्र्यावर खुणा नेहमी आतल्या बाजूला करतात आणि कडा त्याच बाजूला उचलतात. त्यांचा हात वर्षानुवर्षं तसाच चाललेला. पण मी फर्मा कापला होता गाडीखाली उताणी पडून. माझ्याकडची, अक्षरं लिहिलेली बाजू ही जमिनीकडची बाजू होती. माझ्या पत्र्याच्या कडा खुणांच्या विरुद्ध दिशेला वळायला हव्या होत्या. हे मला तेव्हाच दिसलं. आणि लगेच मी स्वतःला समजावलं, की हे लोक रोज हेच करतात, माझंच काहीतरी उलटं होत असेल. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मशीनचा आवाज सुरू झाला. तो थांबेपर्यंत एक कड वळली होती. मग वाटलं, आता काय बोलायचं. दुसरी वळली. तिसरी वळली.

गाडीखाली उभं राहून काम करायला शेडमध्ये खड्डा होता, त्यावर गाडी घेतली. रशीदभाई आणि अण्णा खाली उतरले, पत्रा वर धरला. कडा जमिनीकडे तोंड करून होत्या. त्यांनी तो उलटा केला. कडा बरोबर आल्या, पण खिडकी डावीकडे गेली आणि नट उजवीकडे राहिला. आठपैकी एकही भोक जुळेना. डाव्या पायाचा बूट उजव्या पायात घालून बघावा तसं ते दोघं थोडा वेळ पत्रा फिरवत राहिले. मग खड्ड्यातून रशीदभाईंचा आवाज आला.

"बेटा, तुमी खाली या."

मी उतरले. तिथं तिघांना उभं राहायला जेमतेम जागा होती.

"फर्म्यावर लिव्हलं ती बाजू खालची व्हती?"

"हो."

"तुमाला हे कळलं कवा?"

खोटं बोलता आलं असतं. "मशीनमध्ये घालताना," मी म्हणाले.

अण्णा पत्रा डोक्यावर धरून उभेच होते. शेवटी तेच म्हणाले, "मग तोंडात काय कडक भाकरी होती का?"

"शिवाप्पा, गप," रशीदभाई म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "विचारायचं माझं बी राहिलं. पर तुमाला दिसलं व्हतं की. दिसलेलं माणसानं पोटात ठेवू नये."

वाकवलेल्या कडा पुन्हा उलट्या वाकवल्या तर घडीवर पत्रा चिरतो. भोकं तर बदलता येतच नाहीत. आणि त्या जाडीचा दुसरा पत्रा शेडमध्ये नव्हता. पत्र्याची दुकानं तोवर बंद होत आली होती आणि रविवारी सुट्टी. मी गाडी चालवत लॉजवर आले. जिथं डावीकडे वळायचं तिथं सरळ गेले, मग पुढून वळून पुन्हा तीच चूक केली. सरांना मेल लिहायला घेतली. तिच्यात पहिल्या वाक्यानंतर काय लिहायचं ते सुचेना.

रविवार, पुन्हा चिंचोळी

सकाळी आठला रशीदभाईंचा फोन आला. "शेडमागं एक जुनी ट्रॉली पडलीय. तिचा फाळका सव्वा सूत भरतोय, मी बघितलं. ये."

फाळका म्हणजे ट्रॉलीचं मागचं दार, खाली पडणारं. काल ते मला अहो-जाहो करत होते. चुकल्यावर आज ते अगं-तुगंवर आले होते आणि मला ते आवडलं होतं. शेडमागची ट्रॉली गंजलेली होती, पण फाळक्यावर पांढऱ्या रंगात "धन्यवाद" आणि दोन कमळं अजून शाबूत होती.

"घ्यायचा का मग?" मी विचारलं.

"माझा हाय व्हय? बाळासाहेबांचा हाय, मोहोळकडचे. त्यांनी मोडीत काढायला टाकलाय. इचारून घे." त्यांनी त्यांच्या फोनवरून नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"तुम्हीच बोला ना," मी म्हणाले.

"पत्रा कुणाला पायजे, मला की तुला?"

अनोळखी माणसांना फोन करायचा म्हटलं की मी आधी कागदावर वाक्यं लिहून घेते. इथं कागद नव्हता. पलीकडून भसाडा आवाज आला, "बोला रशीदभाई."

मी रशीदभाई नाही, हे सांगण्यातच माझं पहिलं मिनिट गेलं. मग बाळासाहेबांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं, लग्न झालं का विचारलं. एरवी मला असे प्रश्न आवडत नाहीत. पण ते रांगेनं, फॉर्म भरून घेतल्यासारखे विचारत होते, त्यात खोचकपणा नव्हता. शेवटी म्हणाले, "अन् फाळका कशाला पायजे?"

"जीपच्या खाली बसवायला. माळावर दगड लागतात."

"माळावर काय काम?"

"लांडगे मोजते."

फोनमध्ये मागं कुठंतरी कोंबडी ओरडत होती.

"माझ्या दोन शेळ्या नेल्या त्यांनी. दिवाळीच्या अगुदर. एक गाभण व्हती. त्या मोजाया कोण आलं न्हाय."

कालसारखंच टाळावंसं वाटलं, फोन परत द्यावासा वाटला. रशीदभाई समोर उभे राहून चष्मा पुसत होते. "मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. "कुठं नेल्या, कुणीकडून आले, ते मला सांगाल का? मी येऊन लिहून घेईन."

"येशील?"

"पुढच्या फेरीला. माळावरचं काम माझ्याकडे राहिलं तर."

"कुणी काढून घेतंय?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. चेंबर, सर, ड्रायव्हर, उलटा वाकलेला पत्रा. कधी न बघितलेल्या माणसाला, दुसऱ्याच्या फोनवरून. बाळासाहेब मधे मधे "हं" म्हणत होते. उलट्या कडांपाशी आले तेव्हा ते मोठ्यांदा हसले आणि म्हणाले, "रशीदभाईला म्हणावं न्या फाळका. अन् तू ये. शेळ्यांची जागा दाखवतो. लांडग्याची बाजू घ्यायची असंल तर घे, पण हितं येऊन घे."

त्या दिवशी कुणी मशीन चालवायला तयार नव्हतं, कारण एमआयडीसीत वीज येत जात होती आणि मधेच गेली तर घडी अर्धीच राहिली असती. अण्णांनी वेगळा मार्ग काढला. जिथं घडी हवी तिथं ग्राइंडरनं पत्रा निम्मा खोल चिरायचा, मग पकडीत धरून, घणाचे ठोके देत वाकवायचा आणि चिरेत वेल्डिंग भरायचं. मशीनपेक्षा वेळखाऊ, पण अण्णा म्हणाले की शिवण भरली की घडी उलट जास्त दणकट होते. वीज आली की ते ग्राइंडरवर तुटून पडायचे. वीज गेली की सगळे थांबायचो आणि मी शेडमध्ये येरझाऱ्या घालायचे. "ए यव्वा," अण्णा ओरडले, "किती फिरशील? जमीन झिजली."

फर्म्याच्या दोन्ही बाजूंवर मी या वेळी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, एकीकडे "जमीन", एकीकडे "इंजिन". पहिली घडी घालायच्या आधी मी म्हणाले, "थांबा." अण्णा थांबले. मी पत्रा उचलून डोक्यावर धरून बघितला, बसणार होता तसा. "बरोबर," मी म्हणाले. दुसऱ्या घडीलाही थांबवलं. तिसऱ्याला अण्णा आधीच थांबून माझ्याकडे बघत होते. मनगट भाजलं ते याच वेळी, वेल्डिंग निवलं असेल असं समजून हात लावला तेव्हा. अण्णांनी त्यावर माठातलं पाणी ओतलं आणि सांगितलं की आता तू कामगार झालीस.

पाचच्या सुमारास पत्रा बसला. आठही बोल्ट हातानं फिरत आत गेले. खड्ड्यात उभं राहून वर बघितलं तर चेंबरखाली अर्धं कमळ आणि "धन्य" एवढी अक्षरं दिसत होती. उरलेला शब्द कापण्यात गेला होता.

सोमवार, माळावर

सर साडेसातला आले, त्यांच्या गाडीतून, ड्रायव्हर बरोबर घेऊन. ड्रायव्हरचं नाव कळलं नाही, पण माणूस चांगला होता, त्यानं थर्मासमधला चहा मलाही दिला. त्याला बघून मात्र माझी भूकच गेली. सर खरोखरच जमिनीवर आडवे झाले. त्यांनी पत्र्यावर बुक्क्या मारल्या, बोल्ट बघितले, "धन्य" वाचलं.

"चालवून दाखव," ते म्हणाले आणि माझ्या शेजारी बसले. ड्रायव्हर त्यांची गाडी घेऊन रस्त्यावर थांबला.

मी मुद्दाम तीच रेषा घेतली जिथं चेंबर फुटलं होतं. गवत कमरेएवढं, वाळून पिवळं झालेलं, कुसळं गाडीला चिकटत होती. दोनदा दगड लागला. पहिल्यांदा सरांनी डॅशबोर्ड धरला. दुसऱ्यांदा खालून घंटा वाजावी तसा आवाज आला, गाडी घसरून पुढं गेली आणि तेलाचा दिवा लागला नाही. अर्ध्या तासानंतर सर मागं रेलून बसले. "चांगलं केलंस," ते म्हणाले. "हे काम करेल."

मी "थँक्यू सर" म्हणाले. एवढ्यावर काम झालं होतं. आणि तेव्हाच मला वास आला. करपणाऱ्या चाऱ्यासारखा, अगदी बारीक. सरांना सर्दी होती, त्यांना आला नसावा. मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली सरकले.

पत्रा आणि इंजिन यांच्यामध्ये वाळलेलं गवत दाबून भरलं होतं, गादीत कापूस भरतात तसं. मागच्या फटीतून आत आलेलं, कुसळांनी एकमेकांत अडकलेलं. त्यातलं काही गरम सायलेन्सरच्या पाइपला टेकून तपकिरी झालं होतं. पत्रा नव्हता तेव्हा गवत खाली गळून पडायचं. आता माझा पत्राच ते धरून ठेवत होता. अजून तासभर असंच गेलो असतो तर काय झालं असतं ते सांगायला मेकॅनिक लागत नाही. चहूबाजूंनी तेच गवत होतं.

"काय झालं?" वरून सरांनी विचारलं.

काही नाही, बोल्ट बघते, असं म्हणता आलं असतं. हातानं गवत ओढून काढून, सर गेल्यावर पुढचं बघता आलं असतं. मी मूठभर तपकिरी गवत बाहेर काढून त्यांच्या बुटांपाशी ठेवलं.

"सर, पत्र्यात गवत अडकतं. हे जळायला लागलं होतं."

ते खाली बसले, गवत हातात घेऊन चुरगाळलं. "म्हणजे दगडापासून वाचलो आणि आगीत पडलो."

"मागची फट जाळीनं बंद करावी लागेल. तोवर दर अर्ध्या तासाला थांबून साफ करावं लागेल. पाण्याचा कॅन आणि आग विझवायचा सिलिंडर गाडीत ठेवावा लागेल." मी श्वास घेतला. "ड्रायव्हर आला तर त्याला हे माहीत नसेल. त्याला वासही कळणार नाही. हे मला करू द्या, सर."

मला सरांचे बूट तेवढे दिसत होते. ते गाडीभोवती अर्धं फिरले. मग फोनवर ड्रायव्हरला म्हणाले, "तुम्ही मोहोळला जाऊन जेवून घ्या. आम्हाला दुपार होईल." डावीकडचं दार उघडलं, गाडी त्यांच्या वजनानं थोडी कलली, आणि पानं उलटल्याचा आवाज आला. नोंदवही त्यांनी घेतली होती, म्हणजे गाडी मीच चालवायची होती.

मी अजून गाडीखालीच होते. गवत निम्मंसुद्धा निघालं नव्हतं.